पाकोळीच्या पाठीवरचा काटा

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो. मी ओल्द्रिख, गावात ओल्दा. एकेचाळीस वर्षं मी वल्ह्याच्या होड्या बनवल्या आणि त्यातली एकही आजवर गळली नाही. दुसऱ्याची चूक मला शंभर पावलांवरून दिसते. स्वतःची दिसायला मात्र गेल्या उन्हाळ्यात अडीच महिने लागले, आणि तीही दाखवली आर्नोश्तच्या बायकोनं, बटाटे सोलता सोलता.

आर्नोश्त माझा शाळेपासूनचा दोस्त. त्र्याहत्तर वर्षांचा आहे. उभा जन्म विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेला, आणि बोलायला असा कंजूष की एक वाक्य बोलला की दुसऱ्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यानं आणि लिबुशेनं मिळून स्वतःच्या कोठारात एक दोन माणसांचं लाकडी विमान बांधलं. सांगाडा त्यानं जोडला. पंखांवरचं कापड तिनं ताणलं, शिवलं आणि पांढरा-निळा रंग दिला. नाव ठेवलं पाकोळी. रेडिओची अँटेना लावायची वेळ आली तेव्हा लिबुशेनं ठणकावून सांगितलं होतं, "माझ्या पाकोळीच्या पाठीवर काटा नको." मग आर्नोश्तनं अँटेना उभ्या शेपटाच्या आत, लाकडी पातळ भिंतींमध्ये दडवली. बाहेरून काही दिसत नसे आणि आवाज तर पार नदीपलीकडे ऐकू जाई.

आता लिबुशेचा गुडघा तिला विमानात चढू देत नाही. म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्यावर एक छोटा रेडिओ लावून बसते आणि नवऱ्याला ऐकते. रविवारी उतरण्याआधी आर्नोश्त धावपट्टीला समांतर उडताना आमच्या ल्होत्का विमान-मैदानाला नियमाप्रमाणे सांगतो, "ल्होत्का, मी पाकोळी, पट्टीला समांतर, उतरतोय." आणि मग नियमाबाहेरचे दोन शब्द जोडतो, "पाणी ठेव." कारण लिबुशेच्या पिठाच्या उंड्यांना उकळत्या पाण्यात वीस मिनिटं लागतात, आणि विमान उतरवून, झाकून, सायकलवर घरी यायलाही त्याला वीसच मिनिटं लागतात.

यावरून त्याची आणि राद्काची दरवर्षी जुंपायची. राद्का आमच्या मैदानाची प्रमुख. पस्तिशीची, एरवी गाडी चालवायला शिकवते, शनिवार-रविवार मनोऱ्यात बसते. मनोरा म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, पण बोलताना सगळे मनोराच म्हणतात. "आर्नोश्त, रेडिओ काय तुझ्या बायकोचा आहे का?" ती ओरडायची. "सरकारनं तुला ही लहर उंड्यांसाठी दिलेली नाही!" आमच्याकडे मैदानावर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. फाटकाबाहेर तुम्ही डॉक्टर असा नाहीतर आजोबा, फाटकाच्या आत तू.

तर झालं असं. जानेवारीत हँगरच्या भिंतीला लावलेली शिडी घसरली आणि पाकोळीच्या शेपटावर पडली. डाव्या बाजूला हातभर भगदाड. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, पण उजवा हात थरथरायचा. कारखान्याला कुलूप घातलं होतं, आणि खरं सांगायचं तर मीही घराला आतून कुलूप घालून घेतलं होतं. दुरुस्ती करायला मैदानावर दुसरी चार माणसं होती. पण आर्नोश्त बर्फातून माझ्या दारात आला आणि म्हणाला, "ओल्दा, शेपूट फुटलंय. तू कर." इतकंच बोलून निघून गेला.

मी ते काम ईस्टरपर्यंत पुरवलं. घाई करायची नव्हती आणि करता येतही नव्हती. माझ्याकडे शर्यतीच्या होड्यांसाठी आणलेलं कार्बनचं काळं कापड उरलं होतं. मैदानावरची माणसं वजनापायी वेडी आहेत, चमचाभर रंग जास्त लागला तरी झोप उडते त्यांची. म्हटलं, साध्या फायबरग्लासच्या कापडापेक्षा हे हलकं, दुप्पट भक्कम, आणि माझ्या दोस्ताच्या विमानाला उत्तमच पाहिजे. डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरून मी एकेक थर राळेनं बसवला. वरून घासलं, पांढरा रंग दिला. ठिगळ कुठे सुरू होतं ते बोटानं चाचपूनही कळेना. आर्नोश्तनं हात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "होडीवाला तो होडीवालाच." त्या दिवशी मी घरी जाऊन कारखान्याचं कुलूप काढलं.

मेच्या सुरुवातीला भानगड झाली. विमान चालवायला शिकणारा एक पोरगा उतरायला येत होता आणि त्याच वेळी आर्नोश्तही वळून पट्टीकडे आला. राद्का रेडिओवर तीनदा ओरडली, उत्तर नाही. पोराला इंजिनाचा जोर वाढवून पुन्हा वर जावं लागलं. कुणाला खरचटलंही नाही, पण राद्का मनोऱ्याच्या पायऱ्या दोन-दोन उतरत खाली आली तेव्हा पांढरीफटक पडली होती.

"तुम्ही ऐकत का नाही?" ती आर्नोश्तला म्हणाली.

तुम्ही! बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्यांनी माना वळवल्या. आर्नोश्तनं टोपी काढून हातात घेतली.

"मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

"आणि तुम्ही सांगितलेलंही मला काही कळलं नाही. नुसती खरखर. महिनाभर हेच चाललंय. रेडिओ तपासून घेतलात, वायर बदललीत, दोन्ही ठीक. मग राहिलं काय?" तिनं स्वतःच्या कानाला हात लावला. "कानाच्या डॉक्टरांकडे जा. आणि बोलताना माइक तोंडाशी धरा. जूनच्या शेवटच्या शनिवारपर्यंत तुमचं मला आणि माझं तुम्हाला धड ऐकू आलं नाही, तर मी तुम्हाला इथून उडू देणार नाही. मला वाईट वाटतंय, पण नाही म्हणजे नाही."

दुसऱ्या कुठल्या मैदानानं त्याला घेतलं नसतं, आणि पाकोळी अंगणात ठेवायची वस्तू नव्हे. म्हणजे विकायची. आर्नोश्त तेवढंच म्हणाला, "असेल. कानच गेले असतील." त्या दिवसापासून तो बाकीची सगळी विमानं खाली असतानाच उडू लागला, रविवारी बाराच्या सुमारास, लोक जेवायला निघाले की. मला वाटलं, लाजतोय बिचारा.

आठवड्याभरात लिबुशे काठी टेकत स्वतः मैदानावर आली आणि बाकासमोर उभी राहिली. "त्याचं बोलणं मला लख्ख ऐकू येतं," ती म्हणाली. "शब्द न् शब्द. परवाही आलं."

लोक एकमेकांकडे बघून हसले. राद्का म्हणाली, "लिबुशे, तुझं घर गावात, मी इथे पट्टीला लागून. मला ऐकू येत नाही आणि तुला येतं?"

आणि मी शहाणा म्हणालो, "अगं, पन्नास वर्षांच्या संसारात तो बोलायच्या आधीच तुला ऐकू येत असेल."

सगळे खो-खो हसले. लिबुशे हसली नाही. "ओल्दा, तू सुद्धा?" एवढंच म्हणाली आणि परत गेली. त्यानंतर पाच रविवार मला त्या घरातून जेवणाचं बोलावणं आलं नाही. एकट्या माणसाला पाच रविवार म्हणजे काय, ते मलाच ठाऊक.

सहाव्या रविवारी मी पोटासाठी शरम सोडली आणि जर्दाळूच्या दारूची बाटली घेऊन तिच्या स्वयंपाकघरात गेलो. ती बटाटे सोलत होती. बाटलीकडे तिनं पाहिलंही नाही. "बस," म्हणाली, "आणि तोंड बंद ठेव. बारा वाजत आलेत."

मी बसलो. खिडकीबाहेर पाकोळीची ओळखीची घरघर ऐकू आली, आणि ओट्यावरच्या रेडिओतून आर्नोश्त जणू शेजारच्या खोलीतून बोलावा तसा बोलला, "ल्होत्का, मी पाकोळी, पट्टीला समांतर, उतरतोय. पाणी ठेव."

लिबुशेनं पातेलं शेगडीवर सरकवलं. "मी खिडकीतून विमान बघून पाणी ठेवते असं वाटत होतं ना तुम्हाला?"

मी तिथूनच राद्काला फोन लावला. "आत्ता आर्नोश्त काय बोलला?"

"काय बोलणार? खरखर," ती म्हणाली. "पण एक बरंय, ते 'पाणी ठेव' बंद केलंय त्यांनी ईस्टरपासून. तेवढं तरी ऐकलं माझं."

"बंद नाही केलेलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

लिबुशे हातातल्या सुरीनं टेबलावर दाखवू लागली. एक बटाटा मैदान, दुसरा तिचं घर, आणि सुरी मधोमध. "हा इथून उडतो. मैदान त्याच्या डाव्या हाताला, मी उजव्या हाताला. गावावरून आवाज नको म्हणून तुम्ही सगळे कायम डावीकडेच वळता. मग डावीकडच्यांना तो ऐकू येत नाही आणि उजवीकडच्या मला येतो. कान गेले असते तर दोन्हीकडचे गेले असते. मी मेपासून हेच सांगतेय, पण मी काय, त्याची बायको पडले."

मी लगेच सायकल हाणत मैदानावर गेलो. आर्नोश्त पाकोळीला झाकत होता. म्हटलं, झाकू नकोस, पुन्हा वर जा आणि एकदा उलट्या अंगानं फिर, उजवीकडे वळत.

"कशाला?" तो म्हणाला. "उंडे गार होतील."

"होऊ देत!"

"राहू दे ना ओल्दा. कान आहेत, जातात."

त्याला एवढं टाळायला काय झालंय ते मला कळेना. शेवटी राद्कानंच वरून हुकूम सोडला तेव्हा तो गेला. आता मैदान त्याच्या उजवीकडे आलं. मनोऱ्यातला रेडिओ खणखणीत बोलला, "ल्होत्का, मी पाकोळी, पट्टीला समांतर." राद्का खुर्चीतून उठून उभी राहिली. तिनं उत्तर दिलं, आणि त्यानंही लगेच "ऐकलं" म्हणून सांगितलं. दोन मिनिटांत लिबुशेचा फोन आला. ती वाट बघत होती, पण या खेपेला तिला नुसती खरखर.

म्हणजे कान नाहीत. विमानाची डावी बाजू मुकी-बहिरी झाली होती. डावीकडे असं काय आहे, राद्का विचारत होती. मी सायकलवर टांग टाकली.

कारखान्यात जाऊन मी त्या काळ्या कापडाचा उरलेला तुकडा शोधला. त्याची मोज्यासारखी पिशवी केली, लिबुशेकडे गेलो आणि तिच्या रेडिओच्या अँटेनाच्या काडीवर चढवली. राद्का मैदानावरून कुणाशी तरी वाऱ्याबद्दल बोलत होती. मोजा चढवला की तिचा आवाज बुडायचा. काढला की वर यायचा. मी चार वेळा करून पाहिलं. चौथ्यांदा लिबुशेनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पुरे."

नंतर ब्र्नो शहरातल्या माझ्या पुतण्याला विचारलं, तो रेडिओच्या कामातलाच. तो म्हणाला, "काका, कार्बन वीज वाहून नेतो. रेडिओच्या लहरींना ती भिंतच. अँटेनेला चिकटून तुम्ही भिंत बांधलीत." इतकं साधं. एकेचाळीस वर्षं ते कापड हाताळलं, पण होडीला कुठे रेडिओ असतो?

हँगरमध्ये आर्नोश्त एकटाच होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माझी चूक कबूल करायची मला सवय नाही, त्यामुळे ती मी भांडल्यासारखी ओरडून केली. "माझं ठिगळ आहे ते! मी तुला बहिरं केलं! उद्या करवत आणतो आणि कापून काढतो!"

"ठिगळाला हात लावलास," आर्नोश्त म्हणाला, "तर तुझा चांगला हात मोडीन."

"मग काय करायचं?"

"अँटेना हलवू." एका दिवसात त्याचं एवढं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं.

हलवायची कुठे, यावर दोन दिवस वाद. पोटाखाली लावावी तर आमच्या पट्टीवरचं गवत जूनमध्ये घोट्यापर्यंत येतं, पहिल्याच उतरण्यात मोडणार. छपराच्या पुढे लावावी तर तिथे लोखंडी नळ्या आणि इंजिनाची कटकट. पुतण्या म्हणाला, जागा एकच आहे: वैमानिकाच्या खोलीच्या मागे, पाठीवर, मधोमध, सगळ्यांपासून लांब, आणि विमान लाकडी आहे, म्हणून आतून तांब्याच्या चार पट्ट्या चारी दिशांना चिकटवा, कारण अशा काडीला काम करायला खाली धातूची जमीन लागते. सगळं खरं. पण पाठीवर म्हणजे दोन वीत लांबीचा काटा, आणि काट्याबद्दल लिबुशेनं एकोणीस वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं ते सगळ्यांना पाठ.

तिला मी माझ्या गाडीतून आणली. ती पाकोळीभोवती एक फेरी मारून आली, शेपटाच्या डाव्या बाजूवर तिनं तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग पाठीवर एका जागी बोट टेकवलं. "इथे," म्हणाली. "आणि सरळ लाव. वाकडा काटा मी चालवून घेणार नाही."

मी पेन्सिलनं खूण केली. भोक आर्नोश्तनं पाडलं. तांब्याच्या पट्ट्या मी चिकटवल्या, विमानाच्या पोटात पालथा पडून, आणि हात थरथरला तेव्हा थांबून पुन्हा सुरू केलं. कुणी घाई केली नाही.

जूनचा शेवटचा शनिवार. बाकावर जागा उरली नव्हती, लिबुशेसाठी मनोऱ्याखाली आरामखुर्ची टाकली होती, आणि कुणाच्या तरी बायकोनं कोलाचे, म्हणजे खसखशीचे गोड पाव, आणले होते, त्यांना कुणी हात लावेना. पाकोळी वर गेली, तळ्यापर्यंत जाऊन वळली. राद्कानं कर्णा लावून ठेवला होता, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

"ल्होत्का, मी पाकोळी, तळ्यावर, परत येतोय."

खरखरीचा कणही नाही. मैदान त्याच्या डाव्या हाताला आलं.

"ल्होत्का, मी पाकोळी, पट्टीला समांतर, उतरतोय." राद्का माइककडे वळली. "पाणी ठेव."

"आर्नोश्त!" राद्का माइकमध्ये किंचाळली. "बायको इथे बसलीय माझ्या पायाशी! पाणी कोण ठेवणार, मी? तुला किती वेळा सांगितलं रे!"

रे. सगळा बाक हसला आणि लिबुशेनं डोळे पुसले. मीही पुसले, आणि कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

लोक बिअरकडे वळले तेव्हा पाकोळीच्या खोलीत विसरलेली माझी पक्कड आणायला मी गेलो. ती दाराच्या कप्प्यात होती, आणि तिच्याखाली एक घडी केलेला कागद. नकाशा समजून उघडला. कानाच्या डॉक्टरांचा होता. दोन्ही कान वयाच्या मानानं उत्तम, ऐकण्यात कसलाही दोष नाही. तारीख, चौदा मे.

मी तिथेच त्याच्या सीटवर बसलो. चौदा मे म्हणजे राद्का बोलली त्यानंतर आठवडाभरातच. कान चांगले आहेत हे कळल्यावर राहतं विमान, आणि रेडिओ, वायर तपासून झालेल्या विमानात नवं असं एकच होतं. शिवाय आर्नोश्त! मोटारींचे कार्बनचे ब्रश बदलण्यात त्याचा जन्म गेला. ते काळं कापड रंगाआधी मीच त्याला कौतुकानं दाखवलं होतं, आणि कार्बनमधून वीज जाते हे त्याला कोणी सांगायला नको होतं. सगळं गाव त्याला बहिरा म्हणत होतं, पाकोळी विकायची वेळ आली होती, आणि हा मनुष्य तो कागद दारात घालून, बाकीची विमानं उतरेपर्यंत थांबून, गुपचूप एकटा उडत होता. लिबुशेलाही सांगितलं नव्हतं. का, ते मला कळत होतं. माझं कुलूप त्या ठिगळानं उघडलं होतं.

तो विमान झाकायची ताडपत्री घेऊन आला. मी कागद त्याच्यासमोर धरला.

"तुला मेपासून माहीत होतं," मी म्हणालो. "पाकोळी गेली असती, गाढवा! माझ्या एका ठिगळापायी!"

आर्नोश्तनं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. मग ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि दुसरा हात कानामागे धरला.

"काय म्हणालास?" तो म्हणाला. "ऐकू नाही आलं."